कांचनजंगाचा कापलेला कोपरा: पश्चिमेचं ऊन, उजेड आणि चार्ल्स कोरिया

समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा आणि दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेचंच. मुंबईत पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट घेणाऱ्याला हा पेच पहिल्याच मार्चमध्ये कळतो. चार वाजले की हॉलमध्ये ऊन सरळ आत घुसतं, टीव्हीवर काही दिसेनासं होतं, सोफ्याचं कापड एका बाजूने विटायला लागतं. मग जाड पडदा ओढायचा आणि पडद्याने अंधार झाला म्हणून ट्यूबलाइट लावायची. बाहेर लख्ख दिवस आणि आत वीज जळतेय, असा प्रकार शहरातल्या असंख्य घरांत रोज चालतो. ज्या समुद्रासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो त्या वेळी पडद्याआड असतो.

या पेचाला मुंबईत दिलं गेलेलं सर्वांत विचारपूर्वक उत्तर माझ्या मते कंबाला हिलवर उभं आहे. वास्तुकार चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही इमारत. काम १९७० ते १९८३ या काळातलं. २८ मजले, सुमारे ८४ मीटर उंची आणि एवढ्या उंचीत घरं फक्त ३२. आर्किटेक्चरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिचा फोटो पाहिलेला असतो: सरळसोट पांढरा उभा ठोकळा, त्याचे कोपरे मध्येमध्ये कापलेले आणि कापलेल्या पोकळीत मातकट, उबदार रंग. चर्चा बहुतेक वेळा या दिसण्यापाशीच थांबते. कोपराच का कापला, दोन मजले उंच का कापला, एवढा खोल का कापला, हे प्रश्न मागे राहतात. त्यांची उत्तरं ऊन आणि उजेडाच्या हिशोबात आहेत आणि तो हिशोब कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही मांडता येतो.

कांचनजंगाच्या आधी

कोरियांचं घराणं मूळचं गोव्याचं, जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी, आणि १९५८ पासून मुंबईत स्वतःचं काम. आधुनिक वास्तुकलेचं शिक्षण घेऊन परतलेल्या त्या पिढीपुढे एक अडचण होती. जे शिकून आलो ते थंड देशांसाठी होतं. तिकडे ऊन दुर्मीळ, म्हणून ते मोठ्या काचेतून आत घ्यायचं. इथे ऊन मुबलक. इथे उजेड आत घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचं, आणि ही दोन्ही कामं एकाच उघड्या जागेतून करायची.

कोरियांची सुरुवातीची कामं याच प्रश्नाभोवती फिरतात. अहमदाबादला साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये खुलं झालं. त्यात काचेची खिडकीच नाही. उजेड आणि हवा लाकडी झडपांमधून येतात, आणि झडप हाताने हवी तेवढी फिरवता येते. अहमदाबादचंच १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं ट्यूब हाउस हे तर लांबट, अरुंद, स्वस्त घर. तापलेली हवा उतरत्या छपराखालून वर सरकावी आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जावी, ही त्यामागची कल्पना. ते घर १९९५ मध्ये पाडलं गेलं, याची हळहळ वाटते. पारेख हाउसमध्ये त्यांनी एकाच घराचे वेगवेगळ्या उभ्या रचनेचे दोन भाग केले, उन्हाळ्यातल्या दुपारसाठी एक आणि हिवाळ्यासाठी व संध्याकाळसाठी दुसरा. ऋतू आणि वेळ पाहून माणसाने घरातल्या घरात मुक्काम हलवायचा.

या सगळ्यात मला एक धागा दिसतो. कोरिया खिडकीचा विचार क्वचितच सुटा करतात. ते छेदाचा विचार करतात, म्हणजे घर उभं कापलं तर ऊन कुठून शिरेल, कुठे आपटेल, हवा कुठून सुटेल. चंदीगडचे वास्तुकार ले कॉर्बुझिएंबद्दल त्यांना अपार आदर होता. पण दर्शनी भागावर लावलेल्या काँक्रीटच्या ऊनझडपांवर मात्र त्यांनी स्पष्ट टीका केली आहे: त्यात धूळ साचते, कबुतरं राहतात आणि दिवसभर शोषलेली उष्णता रात्री घरात परत येते. ऊन अडवणारी वस्तू भिंतीला चिकटलेली असली की ती भिंतीलाच तापवते, हा त्यातला खरा मुद्दा. अडवणूक भिंतीपासून दूर व्हायला हवी.

दूर म्हणजे किती? जुन्या बंगल्यांनी आणि कोकणातल्या घरांनी याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. पडवी. घराच्या भोवती छपराखालची एक खोल पट्टी. ऊन तिथे पडतं, पाऊस तिथे झोडपतो आणि माजघर कोरडं, गार राहतं. मुंबईतल्या जुन्या बंगल्यांचा व्हरांडा म्हणजे तीच गोष्ट. नेपियन सी रोडवरच्या सोनमर्ग या इमारतीत (१९६० चं दशक) कोरियांनी ती फ्लॅटमध्ये आणली. राहण्याच्या मुख्य खोल्यांच्या बाहेरच्या अंगाला व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरं यांची एक पट्टी ठेवली. पश्चिमेचं ऊन आणि पाऊस त्या पट्टीने झेलायचा.

कल्पना चोख आहे, पण तिला एक मर्यादा आहे आणि तीच कांचनजंगाच्या मुळाशी आहे.

खोल पडवी काळोखी का होते

मुंबईचं अक्षांश १९ अंश उत्तर. २१ मार्चच्या सुमारास मुंबईत सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात पाऊण वाजता. पावणेचारला पश्चिमेच्या भिंतीवर त्याचा कोन साधारण ४३ अंश असतो, पावणेपाचला २९ आणि पावणेसहाला १४. आता नेहमीचा दोन फुटी छज्जा घ्या. पावणेपाच वाजता तो खिडकीवर फक्त एक फूट सावली पाडतो, पावणेसहाला जेमतेम सहा इंच. बाकी सगळं ऊन आत. म्हणून पश्चिमेला छज्जा हा उपायच नव्हे. दक्षिणेला तो चालतो, कारण तिथे सूर्य उंचावरून येतो. चारही बाजूंना सारखाच छज्जा काढणारी इमारत दिसली की हा विचार झालेलाच नाही, हे ओळखावं.

पश्चिमेला उघडी जागा खोलच हवी. समजा नेहमीच्या मजल्याची उंची ३ मीटर आहे आणि व्हरांडा तब्बल ६ मीटर खोल केला. आतल्या भिंतीच्या पायथ्याला ऊन लागायला संध्याकाळचे पाच वाजतील. ऊन हरलं. पण उजेडही हरला. त्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून बाहेर पाहिलं, तर क्षितिजापासून वर जेमतेम २५ अंशांपर्यंतचं आकाश दिसेल. एवढ्याशा पट्टीतून आलेला उजेड सहा मीटर फरशी ओलांडून, दार ओलांडून बैठकीत किती पोचणार? त्यात डोळ्यासमोर समुद्रावरची लखलख. डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि आतली खोली आहे त्याहून काळोखी भासते. मग दुपारी बारा वाजताही दिवा लागतो.

पावसाळ्यात हे आणखी बिघडतं. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. माथ्याजवळचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं. म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ज्या भागातून सर्वांत जास्त उजेड मिळू शकतो, नेमका तोच भाग ठेंगणा आणि खोल व्हरांडा झाकून टाकतो.

एकमजली बंगल्यात हे निभावत होतं. चौक असायचा, मागचं दार असायचं, कौलांत काचेचं एखादं तावदान असायचं. टॉवरमध्ये डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं.

दोन मजली पोकळी

कांचनजंगाचा प्लॅन २१ मीटर बाजूचा चौरस आहे. मध्यभागी लिफ्ट-जिन्याचा काँक्रीटचा गाभा. घरं पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार पसरलेली, म्हणजे एका अंगाला बंदराकडची बाजू आणि दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. हवा या टोकाकडून त्या टोकाला जाते. तीनपासून सहा बेडरूमपर्यंतची मोठी घरं, चार प्रकारची, एकमेकांत अडकवलेली. मजले थोडे वरखाली सरकवलेले, त्यामुळे एका घराची उंच जागा दुसऱ्याच्या बसक्या जागेशेजारी येते. आणि प्रत्येक घराला कोपऱ्यात एक टेरेस, दोन मजले उंच आणि ६.३ मीटरपर्यंत बाहेर झेपावलेली. कोपऱ्याला खांब नाही.

आता तोच हिशोब पुन्हा मांडू. टेरेसची खोली ६.३ मीटर, उंची दुप्पट, साधारण ६ मीटर. आतल्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहिलं की आकाश २५ अंशांऐवजी जवळपास ४४ अंशांपर्यंत दिसतं. पावसाळ्यातलं उजळ आकाश नजरेच्या टप्प्यात येतं. ढोबळ नियम असा की उघड्या जागेच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी उजेड पोचतो. माथा दुप्पट वर गेला की ती पोचही दुप्पट होते. सहा मीटर टेरेस ओलांडूनही बैठकीसाठी उजेड उरतो.

याची किंमत उन्हात द्यावी लागते. ठेंगण्या व्हरांड्यात ऊन आतल्या भिंतीला पाच वाजता लागलं असतं. इथे ते पावणेचारलाच लागतं आणि पावणेपाचपर्यंत अडीच मीटर वर चढतं. कोरियांची टेरेस सगळं ऊन थोपवते असं जे लिहिलं जातं, ते गणिताला धरून नाही. सव्वा तासाची सावली सोडून दिवसभराचा उजेड घेतलाय, असा हा व्यवहार आहे, आणि मला तो पूर्णपणे पटतो. दुपारी एक ते पावणेचार या सर्वांत कडक वेळात आतल्या भिंतीला उन्हाची तिरीपही लागत नाही. नंतरचं ऊन उतरतं असतं, तोवर समुद्राचा वारा सुटलेला असतो, आणि ते पडतं ते टेरेसच्या फरशीवर, कुंड्यांवर, कठड्याच्या आतल्या बाजूला. सोफ्यापर्यंत येईतो त्याचा जोर गेलेला असतो.

कोपरा निवडण्यातही मोठा विचार आहे. टेरेस दर्शनी भिंतीच्या मध्यावर असती, तर ती तीन बाजूंनी बंद खोबणी झाली असती. कोपऱ्यात ती दोन दिशांना उघडी आहे. दोन बाजूंनी उजेड आला की माणसाच्या चेहऱ्यावर काळी सावली पडत नाही, खोलीतला कोपरा आणि खिडकी यांच्यातला फरक सौम्य होतो, डोळा दिपत नाही. एकाच मोठ्या खिडकीसमोर पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही हा अनुभव सगळ्यांना असतो. तीच अडचण इथे कोपऱ्याने सुटते. वाऱ्याचंही तसंच. भिंतीवर सरळ आपटलेला वारा अडतो. कोपऱ्यातल्या पोकळीत तो एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सुटतो.

रंगाकडेही बघा. बाहेरची भिंत पांढरी, ऊन परतवणारी. पोकळीच्या आत मात्र रंग मातीच्या जवळचे. लांबून हे सजावटीसारखं दिसतं. पण टेरेसची आतली बाजू पांढरी असती, तर साडेचारच्या उन्हात तीच एक झगझगीत पडदा झाली असती आणि बैठकीतून तिच्याकडे बघवलं नसतं. उन्हाचा लखलखाट लाखभर लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आणि वाचायला माणसाला लागतात तीनशे-पाचशे लक्स. या दोहोंच्या मधला एवढा मोठा उतार कुठेतरी उतरावा लागतो. कांचनजंगात तो टेरेसवर उतरतो: आधी फरशी, मग रंगीत भिंत, मग दार आणि मग खोली.

पावसाचं काय? मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा पश्चिमेच्या वाऱ्यावर तिरपा येतो. सहा मीटर उंच उघड्या जागेतून तो आत येणारच. टेरेस भिजते. ती भिजण्यासाठीच आहे, म्हणून तिथे बाग कल्पिली आहे. दार तिच्या मागे असल्यामुळे पावसातही ते उघडं ठेवता येतं, आणि ही सोय ज्याने जुलैमध्ये सगळ्या खिडक्या लावून बंद घरात दिवस काढलेत त्याला सांगावी लागत नाही.

हे उभं कसं राहिलं

८४ मीटर उंच इमारतीचे कोपरे कापायचे म्हणजे जिथे खांब असायला हवेत तीच जागा रिकामी सोडायची. ही जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनीअर शिरीष पटेल यांची. मधला गाभा हाच इमारतीचा कणा. वारा आणि भूकंपाचा आडवा जोर मुख्यतः त्यानेच घ्यायचा. तो स्लिप-फॉर्म पद्धतीने, म्हणजे साचा सतत वर सरकवत, बाकी इमारतीच्या आधी उभारला गेला. कोपऱ्यातल्या टेरेस कॅन्टिलिव्हर, बाहेर तरंगत्या. उजेडासाठी काढलेली एक रेघ इंजिनीअरच्या किती कामाला लागते, हे इथे कळतं. सहयोगी वास्तुकार होत्या प्रवीणा मेहता. हे तिघे मुंबईला आणखी एका कारणाने माहीत आहेत: खाडीपलीकडे नवं शहर वसवावं हा प्रस्ताव १९६० च्या दशकाच्या मध्यात यांनीच मांडला होता, आणि त्यातून पुढे नवी मुंबई आली. एकीकडे लाखो लोकांच्या शहराचा आराखडा आणि दुसरीकडे ३२ श्रीमंत कुटुंबांचा टॉवर, अशी दोन्ही कामं त्या काळात शेजारीशेजारी चालू होती.

श्रीमंतांची चैन?

कांचनजंगावरचा हा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २८ मजल्यांत ३२ घरं ही चैन मुंबईत किती जणांना परवडेल? दोन मजली पोकळी म्हणजे विकता येणारं चटईक्षेत्र, म्हणजे बांधायला परवानगी असलेलं क्षेत्र, हवेत सोडणं. बिल्डरच्या हिशोबात हे बसत नाही.

पण कोरियांनी हाच विचार दुसऱ्या टोकालाही लावून पाहिला. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये (१९८० च्या दशकाचा मध्य) सात-सात घरं आठ मीटर बाजूच्या एका अंगणाभोवती बसवली आहेत. प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा आहे आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे घर वाढवायचं झालं तर कुणाची परवानगी मागायला नको. जमिनीवरची ही साधी घरं आणि कंबाला हिलवरची टेरेस यांच्यामागचं म्हणणं एकच आहे: आपल्या हवेत आकाशाखालची जागा ही अर्धी खोली असते, तिथे वर्षातले बरेच दिवस जेवता, झोपता, बसता येतं, आणि ती बांधायला खोलीपेक्षा कितीतरी कमी खर्च येतो. बेलापूरची बरीच घरं रहिवाशांनी पुढे वाढवली, काही पाडून नवी बांधली. योजना फसली असं त्यावरून म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घर वाढवता यावं म्हणूनच तर ती रचना होती.

मधल्या माणसाच्या, म्हणजे दोन खोल्या-किचनवाल्याच्या वाट्याला मात्र यातलं फारसं काही आलं नाही, आणि त्याला वास्तुकारांपेक्षा नियम जास्त जबाबदार आहेत. मुंबईत अनेक वर्षं बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात मोजली जात नसे. लोकांनी त्या बाल्कन्या खिडक्या लावून हॉलमध्ये घेतल्या, कारण जागेचा भाव तसा होता. २०१२ मध्ये नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळं चटईक्षेत्रात धरलं जाऊ लागलं आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा, क्षेत्र मिळालं. मोकाट वापराला लगाम बसला हे चांगलंच झालं. पण पश्चिमेची सावली आणि आतली खोली यांचा भाव एक झाला. मग कोणता बिल्डर सहा फूट सावली बांधेल? भिंतीच्या कडेला सपाट काच लावून आत एसी बसवणं सोपं पडतं. मार्चमध्ये पावणेसहा वाजता, सात फुटांवर लिंटेल (खिडकीच्या माथ्यावरची तुळई) असलेल्या अशा खिडकीतून ऊन आठ मीटर आत जातं, म्हणजे बहुतेक हॉल पार करून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत.

माझं म्हणणं इतकंच आहे की पश्चिमेच्या बाजूचा एक ठरावीक खोलीचा भाग, तो दोन मजले उंच असेल आणि बाहेरून उघडा असेल तरच, चटईक्षेत्रातून वगळावा. बाल्कनी आत घेण्याचा जुना रोग इथे सहज लागणार नाही, कारण सहा मीटर उंचीला खिडक्या लावून खोली करणं बाल्कनीइतकं सोपं नसतं, आणि मधे स्लॅब टाकला तर तो रस्त्यावरून दिसतो. वीस-बावीस मजल्यांच्या साध्या इमारतीत एकआड एक मजल्यावर, डावी-उजवी बाजू बदलत, दीड-दोन मीटर खोलीच्या अशा पोकळ्या बसवता येतात. कांचनजंगाइतकी सावली त्यातून मिळणार नाही. मार्चमध्ये दोन मीटर खोल, सहा मीटर उंच पोकळीत ऊन आतल्या भिंतीला दोनच्या सुमारासच लागेल. तिथे बाहेरच्या कडेला, भिंतीपासून दूर, खालच्या तीन मीटरला बांबूची चीक किंवा सरकती लाकडी झडप लावावी लागेल, साबरमतीला कोरियांनी लावली तशी, हाताने फिरवण्याजोगी. चारनंतर ती ओढायची. वरच्या तीन मीटरमधून तोवर उजेड येतच राहतो.